संध्याकाळचा खेळ कुणाचा?

मार्व्हल या अमेरिकी कंपनीचे सुपरहिरोपट म्हणजे सिनेमा नव्हे, ते करमणुकीच्या उद्यानासारखे आहेत, असं हॉलिवूडचे दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी २०१९ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले आणि तेव्हापासून जगभर एक वाद सुरू आहे. आमच्या सिंधुदुर्गातही तो पोचला आहे. नवा सुपरहिरोपट लागला की कॉलेजच्या मुलांचा घोळका गाडी करून पणजी गाठतो आणि परतल्यावर आठवडाभर त्याचे गोडवे गातो. नाटक-सिनेमाची जाण असलेली वडीलधारी मंडळी त्यांना ‘हा पोरखेळ आहे’ म्हणून झापतात. एका बाजूचं म्हणणं, उडणारी आणि इमारती पाडणारी माणसं बघण्यात कसली आली कला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, लोकांना आवडतं ते लोक बघतील, तुमची कला तुमच्यापाशी ठेवा. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोन्ही बाजूंचा नेम चुकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्कोर्सेसींनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपलं म्हणणं सविस्तर मांडलं होतं. त्यात त्यांनी पडद्यांची गोष्ट काढली होती. मोठ्या पडद्यावर काही बघायचं म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी आता मुख्यतः एकामागून एक निघणाऱ्या अशा मालिकांतले चित्रपटच समोर असतात, अशी त्यांची तक्रार होती. उद्यानाचं वाक्य सर्वतोमुखी झालं, पडद्यांच्या मुद्द्याला मात्र फारसं कुणी हात घातला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रचंड बजेटचा सुपरहिरोपट सिनेमा या कलेचं नुकसान करतो, आणि ते नुकसान गंभीर आहे. त्याचा दोष मात्र सुपरहिरोच्या माथी मारणं अन्याय आहे. नुकसान होतं ते दोन ठिकाणी. एवढा पैसा गुंतला की चित्रपट बनवण्याचे निर्णय कलावंताच्या हातातून सुटतात, आणि तो पैसा वसूल करायचा म्हणून इतर चित्रपटांचे पडदे आणि वेळा गिळल्या जातात. या दोन गोष्टींवर बोलायचं सोडून आपण अंगरखा आणि मुखवट्यावर भांडत बसलो आहोत.

अद्भुत नायक पोरकट असतो, हे म्हणण्याचा अधिकार निदान कोकणातल्या माणसाला तरी नाही. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगावच्या देवळांसमोर दशावतार हे लोकनाट्य उभं राहतं. आधी आडदशावतारात, म्हणजे पूर्वरंगात, गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात, संकासूर वेद पळवतो, विष्णू त्याचा वध करतो. मग रात्रभर आख्यान चालतं. राजे, राक्षस, शाप, उःशाप, तलवारीची युद्धं, स्वर्गातून उतरणारे देव, यातलं वास्तववादी काय आहे? अक्षर ओळख नसलेली आजी आणि तालुक्याच्या शाळेतले मास्तर एकाच चटईवर बसून ते पहाटेपर्यंत बघत आले. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी रामायण-महाभारतातले वीर चित्रकथीच्या कागदांवर रंगवले आणि ती चित्रं दाखवत दाखवत गोष्ट गायली. गदा फिरवणारा भीम चालतो आणि हातोडा फिरवणारा मार्व्हलचा थॉर तेवढा बालिश, हे कोणत्या न्यायाने?

आपल्या सिनेमाचा जन्मही याच मांडवातला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट केला तो पौराणिक, आणि कॅमेऱ्याच्या चमत्कृती हा त्यांच्या आवडीचा प्रांत होता. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. दशावतारातला स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करणारा पुरुष नट, बघितलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटणार नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांना न्यायला आकाशातून विमान येतं, म्हणजे आजच्या भाषेत तोही स्पेशल इफेक्टच. त्याच चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्यामुळे सुपरहिरोपटाचे चाहते जेव्हा म्हणतात की लोकप्रिय कलेला प्रत्येक पिढीतल्या शिष्टांनी नाक मुरडलं, तेव्हा ते खरं बोलत असतात. तमाशाला मुरडलं, संगीत नाटकाला मुरडलं, बोलपटाला मुरडलं. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

पण मग दशावताराकडेच जरा नीट बघू. त्याला छापील संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, प्रसंगांची बोलणी होतात, आणि बाकी सगळं नट रंगमंचावर उभा राहून रचतो. समोर एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. बाकड्यावर राजा बसला की ते सिंहासन. राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा नट, त्या रात्री समोरच्या प्रेक्षकांकडे बघून भाषण वाढवतो, आवरतो, गावातली ताजी गोष्ट त्यात ओवतो, शब्दाला शब्द लावून समोरच्या नटाची कसोटी बघतो. तेच आख्यान दुसऱ्या गावात दुसरं होतं. अद्भुत कथा आणि मोकळा कलावंत एकत्र आले की काय घडतं, याचा हा जिवंत दाखला आहे. गेल्या काही वर्षांत ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ अशा जाहिराती दिसू लागल्या. धूर, दिवे, अधांतरी देव, अक्राळविक्राळ राक्षस. त्यावरूनही आमच्याकडे हाच वाद झडतो, की ट्रिकसीनने दशावतार बुडाला की तरला. मला विचाराल तर ट्रिकसीन असूनही नट बोलू शकतो तोवर काळजी नाही. ज्या दिवशी धुराच्या यंत्राला सोयीचं म्हणून नटाला भाषण आवरावं लागेल, त्या दिवशी काळजी करायची.

हॉलिवूडच्या सुपरहिरोपटात तो दिवस कधीच उजाडला आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये मार्व्हलने २०१९ पर्यंतच्या चित्रपटांची नावं तारखांसकट जाहीर केली. पाच वर्षांनंतरची तारीख आधी पक्की, आणि दिग्दर्शक, पटकथा, नट यांनी त्या तारखेच्या मागे धावायचं. एखाद्या पात्राचं काय होणार हे त्याच्या गोष्टीवर ठरत नाही, पुढच्या चार चित्रपटांना ते लागणार आहे की नाही यावर ठरतं. मग मरणाला वजन कुठून येणार? लुक्रेशिया मार्तेल या अर्जेंटिनाच्या अत्यंत ताकदीच्या दिग्दर्शिका. मार्व्हलने त्यांना एका चित्रपटासाठी बोलावलं, तेव्हा मारामारीच्या दृश्यांची तुम्ही चिंता करू नका, ते आम्ही बघून घेऊ, असं त्यांना सांगण्यात आलं, हे त्यांनीच २०१८ मध्ये सांगितलं. ज्या चित्रपटाचा मोठा हिस्सा मारामारीचा असतो, त्यात दिग्दर्शकाने मारामारीची चिंता करायची नाही, तर मग तिथे दिग्दर्शक कशासाठी हवा? आणि ज्यांच्या संगणकांवर ती दृश्यं प्रत्यक्ष घडतात, त्या व्हीएफएक्स कामगारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने संघटना बांधण्याचा कौल दिला. कलेच्या गप्पा मारताना त्या कामगारांचे तास आणि त्यांची दमछाक आपण हिशोबातच धरत नाही, याची मला खंत वाटते.

यामागे कुणाचा दुष्टपणा नाही, पैशाचं गणित आहे. २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’वर सुमारे ३५ कोटी डॉलर खर्च झाले आणि त्याने जगभरात जवळपास २८० कोटी डॉलर कमावले. एवढा खर्च एका देशात वसूल होऊ शकत नाही. म्हणजे चित्रपट ब्राझीलमध्ये, चीनमध्ये, मुंबईत आणि पॅरिसमध्ये एकाच आठवड्यात कळला पाहिजे, कुठल्याही बाजारपेठेला खटकता कामा नये, आणि कुठल्याही एका गावाचा असता कामा नये. विनोद असा हवा की भाषांतरात सांडणार नाही. खलनायक असा हवा की कुणाचं सरकार रागावणार नाही. कलेचं पोषण ज्या मातीतून होतं, नेमकी तीच माती धुऊन टाकावी लागते.

उलट बाजूने बघा. आपल्याच महाराष्ट्रात, मालेगावात, नासिर शेख नावाच्या माणसाने गावातली माणसं घेऊन सुपरमॅन केला. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर राबणारा कामगार होता. त्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी केलेला माहितीपट ज्याने पाहिला आहे, तो सुपरहिरो आणि कला यांचं वैर आहे असं पुन्हा म्हणणार नाही. केरळातल्या ‘मिन्नल मुरली’चा नायक खेड्यातला शिंपी आहे. २०२५ मध्ये आलेल्या ‘लोका’ने केरळच्या लोककथेतली यक्षी उचलली आणि तिची सुपरहिरो केली, तीही हॉलिवूडच्या तुलनेत किरकोळ पैशात, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. नायक तोच, शक्ती त्याच, पण बोलणारं माणूस कुठल्या तरी गावचं आहे. पैसा आवाक्यात असला की चुकण्याची मुभा असते, आणि चुकण्याची मुभा नसेल तर कुठलीही कला पुढे सरकत नाही.

आता समोरच्या बाजूचे सगळ्यांत जड मुद्दे घेऊ. पहिला असा, की या प्रचंड चित्रपटांतूनही उत्तम चित्रपट निघाले. खरं आहे. ‘द डार्क नाइट’मधल्या हीथ लेजरच्या जोकरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं आणि ते त्याच्या हक्काचं होतं. ‘ब्लॅक पँथर’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला सुपरहिरोपट ठरला. त्याच्या मागे कृष्णवर्णीय समाजाची शतकांची वेदना आणि अभिमान उभा होता. पण हे चित्रपट लक्षात राहिले ते त्यांच्या दिग्दर्शकांना काही स्वतःचं म्हणू दिलं गेलं म्हणूनच ना? साच्यातून कुणी निसटलं, याचं श्रेय साच्याला कसं द्यायचं? वेस्टर्नचा दाखलाही नेहमी दिला जातो. काउबॉयच्या चित्रपटांनाही एके काळी हलकं समजत, आणि त्यातूनच १९३९ मध्ये ‘स्टेजकोच’ करणारा जॉन फोर्ड उभा राहिला, मग सुपरहिरोपटांतूनही उभा राहील. पण वेस्टर्न स्वस्त होता. घोडे, माळरान आणि चार बंदुका एवढ्यावर तो व्हायचा. लहानमोठ्या कंपन्या शेकड्यांनी वेस्टर्न काढत, पडले तरी कुणाचं दिवाळं निघत नसे, आणि त्या गर्दीत दिग्दर्शकांना हात साफ करायला मिळे. दोन-तीन कंपन्यांच्या ताब्यातली, वर्षाला मोजके चित्रपट काढणारी मालिका ती जागा कशी देणार?

दुसरा मुद्दा थिएटरवाल्यांचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. कोकणातली एकपडदा थिएटरं एकामागून एक बंद पडत गेली. कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे गोदाम, कुठे नुसत्या भिंती उभ्या. जी तगली आहेत त्यांना वर्षातून दोन-चार तरी तुफान गर्दीचे चित्रपट लागतातच. त्या गल्ल्यावर विजेचं बिल आणि नोकरांचे पगार निघतात. सुपरहिरो नको म्हणणाऱ्याने हे पैसे कुठून आणायचे तेही सांगितलं पाहिजे. मान्य. पण त्या तिकिटाचा पैसा राहतो कुणाकडे? २०१७ मध्ये डिस्नेने, म्हणजे मार्व्हलच्याच मालक कंपनीने, ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या चित्रपटासाठी अमेरिकी थिएटरांना घातलेल्या अटी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. तिकिटातला ६५ टक्के वाटा कंपनीचा, आणि सगळ्यांत मोठ्या पडद्यावर चार आठवडे दुसरं काही लावायचं नाही. एकच पडदा असलेल्या गावातल्या थिएटरचं यात काय होणार? महिनाभर त्या गावाने दुसरा सिनेमा बघायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्यावर जगता त्याच्याच अटींवर जगावं लागतं, हे सावकारीचं गणित कोकणातल्या कुळांना नव्याने शिकवायला नको.

अमेरिकेने हे एकदा ओळखलं होतं. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर बड्या स्टुडिओंच्या विरोधात निकाल दिला. थिएटरांची मालकी सोडा, आणि एक गाजणारा चित्रपट हवा असेल तर सोबत आमचे दहा रद्दी चित्रपटही घ्या ही सक्ती बंद करा. पुढच्या काळात तिथे स्वतंत्र निर्मात्यांना आणि परदेशी चित्रपटांना जी जागा मिळाली, त्यामागे हा निकालही होता. २०२० मध्ये तिथल्या एका संघीय न्यायालयाने ती बंधनं उठवली. एखाद्या वर्षी उत्तम चित्रपट किती निघाले यावर आपण पानं भरतो, आणि ज्या नियमांमुळे ते लोकांपर्यंत पोचतात किंवा पोचत नाहीत, त्या नियमांची बातमी आतल्या पानावर जाते.

आणि मग येतो तो सगळ्यांत आवडता युक्तिवाद, की प्रेक्षकाने निवड केली आहे. कशातून केली? मराठी चित्रपट लागतो तेव्हा त्याला सकाळी अकराचा किंवा दुपारी दोन-अडीचचा खेळ मिळतो, आणि पुढच्या शुक्रवारी तोही जातो. सकाळी अकराला माणूस कुठे असतो? मच्छीवाली बाजारात असते, शेतकरी वाफ्यात असतो, कारकून टेबलाशी असतो, बागायतदार आंब्याच्या पेट्या भरत असतो. संध्याकाळी सहाला ही सगळी मोकळी होतात, तेव्हा पडद्यावर एकच चित्रपट असतो, आणि तो बघितला की निवड केली असं म्हणायचं? सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट आला. दिलीप प्रभावळकर त्यात दशावतारी कलावंत झाले होते. त्याला लोकांनी उचलून धरलं. आपल्या मातीतलं, आपल्या बोलीतलं लोकांना नको आहे, हे तेव्हा कुणाला म्हणवलं नाही.

पणजीचं उदाहरण आमच्या उंबरठ्यावरचं आहे. २००४ पासून दर वर्षी, सहसा नोव्हेंबरात, तिथे इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. कुडाळ-सावंतवाडीहून दीड-दोन तासांच्या वाटेवर इराणचा, कोरियाचा, पोलंडचा सिनेमा बघायला मिळतो, आणि तो बघायला रांगा लागतात. आमच्याकडची किती तरी मुलं तिथे पहिल्यांदा असा सिनेमा बघतात आणि बदलून परत येतात, हे मी बघत आलो आहे. ते आठ-नऊ दिवस संपले की त्याच पडद्यांवर पुन्हा तेच दोन-तीन चित्रपट. त्या रांगेतला प्रेक्षक आठवड्याभरात कुठे नाहीसा होतो? तो तिथेच असतो, त्याच्यासाठी लावलेलं मात्र काही नसतं. घरी मोबाइलवर बघा, सगळं ओटीटीवर आहे, असं त्याला सांगितलं जातं. दशावतार मोबाइलवर बघता येतो म्हणून जत्रेतला प्रयोग बंद करा, असं कुणी म्हणेल का? पाचशे माणसांनी एका श्वासात हसणं आणि एका क्षणी गप्प होणं हा त्या कलेचाच भाग आहे. सिनेमाचंही तेच आहे.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर किनाऱ्यावरून रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार, म्हणजे रापणकर, आणि बोटींतून मोठी पर्ससीन जाळी टाकणारे यांचा संघर्ष आपण सगळ्यांनी बघितला आहे. पर्ससीनच्या जाळ्यात आलेला बांगडा चवीला वाईट असतो, असं रापणकर कधीच म्हणाले नाहीत. मोठं जाळं सगळा थवा एकदम उचलतं आणि मागे काही राहत नाही, एवढंच ते सांगत होते. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तेही माशावर आणले नाहीत, जाळ्यावर, हद्दीवर आणि हंगामावर आणले. त्या नियमांची अंमलबजावणी नीट होते का, हा वेगळा आणि संतापजनक विषय आहे. पण निदान प्रश्न योग्य जागी विचारला गेला होता. सिनेमाच्या वादात आपण अजून चवीवरच अडलो आहोत.

इतर देशांनी जाळ्यावर नियम केले आहेत. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर बसतो आणि त्यातून देशी चित्रपटांना पैसा उभा राहतो. म्हणजे फ्रेंच माणूस सुपरहिरो बघतो, तेव्हा एखाद्या नव्या दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटालाही हातभार लावतो. दक्षिण कोरियात थिएटरांना वर्षातले ठरावीक दिवस कोरियन चित्रपट लावावे लागतात. २००६ मध्ये अमेरिकेशी व्यापार कराराच्या बोलण्यांत ते दिवस १४६ वरून ७३ वर आले, तेव्हा तिथले नट आणि दिग्दर्शक रस्त्यावर उतरले होते. त्या संरक्षणाखाली वाढलेल्या सिनेसृष्टीतूनच बोंग जून-हो आले आणि २०२० मध्ये कोरियन भाषेतल्या चित्रपटाला हॉलिवूडचं सर्वोच्च ऑस्कर मिळालं. कोटा असला की दर्जा घसरतो, असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता तर सुपरहिरोंची लाट ओसरली, मग एवढं कशाला बोलायचं, असंही ऐकू येतं. २०२३ मध्ये आलेला ‘द मार्व्हल्स’ त्या मालिकेतला सगळ्यांत कमी कमाईचा चित्रपट ठरला, हे खरंच. पण रोग मुखवट्यात नव्हता, म्हणून मुखवटा उतरल्याने तो बरा होणार नाही. आपल्याकडे बघा. प्रत्येक बडा निर्माता ‘युनिव्हर्स’, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या चित्रपटांची मालिका, उभारायला निघाला आहे, पाच भाषांत एकाच दिवशी, देशभरातले जास्तीत जास्त पडदे धरून. ‘आदिपुरुष’वर शेकडो कोटी खर्च झाले, त्यातल्या रामायणाची भाषा लोकांना इतकी खुपली की प्रदर्शनानंतर संवाद बदलावे लागले. तोच राम आणि तोच रावण आमच्या गावात एका बाकड्यावर उभे राहतात, आणि त्यांचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर समोरच्या म्हाताऱ्याला कळतं. शेकडो कोटींच्या त्या कारखान्यात तो म्हातारा कुणाच्या खिजगणतीत होता?

महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये, म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात, मराठी चित्रपट लावणं बंधनकारक केलं होतं. ओरड झाली, आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी पसरवण्यात आली. त्या एका बदलाने नियमातला जीव गेला, कारण बारा ते नऊमध्ये दुपारचा रिकामा खेळही येतो. ती वेळ पुन्हा सहा ते नऊ करावी, नव्या चित्रपटाला किमान दोन आठवडे द्यावेत, आणि एका संकुलातल्या दिवसभराच्या खेळांपैकी निम्म्याहून जास्त खेळ कुठल्याही एका चित्रपटाला देऊ नयेत, मग तो सुपरहिरोचा असो की मराठीतला सर्वांत गाजलेला. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या एकपडदा थिएटरांना मोठा चित्रपट लावू द्यावा, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दुसऱ्या चित्रपटासाठी राखाव्यात आणि त्या दोन खेळांचा तोटा तिकिटांवरच्या करातून भरून द्यावा. गोव्यातही हेच मागायला हवं, कारण आमचा प्रेक्षक पत्रादेवीचा नाका ओलांडून तिथेच जातो. सुपरहिरो वाईट की चांगला यावर ज्यांना भांडायचं आहे त्यांनी खुशाल भांडावं. पण मागणी करायची असेल तर ती या दोन संध्याकाळींची करू, आणि येत्या जत्रांच्या हंगामाआधी करू.